वरती वारं हाय

व्याध उगवताना पांढरा नसतो. डिसेंबरच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास पूर्वेच्या किंचित दक्षिणेला तो क्षितिजाच्या थोडा वर आलेला असतो. तेव्हा त्याचा रंग कोणता, हे एका शब्दात सांगता येत नाही. लाल म्हणावं तोवर तो हिरवा झालेला असतो, हिरवा म्हणावं तोवर निळा. मध्येच क्षणभर जवळजवळ विझतो आणि पुन्हा असा काही पेटतो की बघणारा दचकतो. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. पुस्तकात त्याचा रंग निळसर पांढरा दिलेला असतो आणि ते बरोबरच आहे. त्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेनऊ हजार अंश सेल्सिअसच्या पुढे आहे, इतक्या तापलेल्या वस्तूचा प्रकाश तसाच असायचा. त्याच रात्री बाराच्या सुमारास तो निम्म्याहून जास्त आकाश चढून येतो, तेव्हा पुस्तकातल्यासारखा पांढरा दिसतोही. मग आठ वाजताचे ते रंग कोणाचे?

हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पुरला आहे आणि अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

व्याध शोधायला कुणाची मदत लागत नाही. मृग नक्षत्राच्या पोटात ओळीने तीन तारे आहेत, ती रेघ तशीच खाली वाढवली की व्याधावर जाते. ऐतरेय ब्राह्मणातल्या कथेत प्रजापती हरणाचं रूप घेऊन रोहिणीमागे धावतो आणि त्याला बाण मारला जातो. हे तीन तारे म्हणजे तो तीन कांडांचा बाण आणि ज्याने तो सोडला तो हा शिकारी. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ ग्रंथात वेदांच्या काळाचा माग काढला तो याच आकाशाच्या तुकड्यावरून. त्यांच्या निष्कर्षांवर वाद होत राहिले, पण पंचांगाच्या पानांवरून नजर उचलून प्रत्यक्ष मृगाकडे पाहायला त्यांनी लावलं, याचं मला फार मोल वाटतं. कथेतला शिकारी स्वस्थ उभा असलेला कोणीच कल्पिला नसता. उगवता व्याध एकदा नीट पाहिला की ते पटतं.

व्याध बायनॉक्युलरमधून बघायची एक पद्धत आहे. गच्चीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवायची, व्याध मध्यावर घ्यायचा आणि मग नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारायची. तारा हलतो आणि डोळ्यांपुढे त्याची एक वेडीवाकडी रेघ उमटते, दोरा वाऱ्यावर उडावा तशी नव्हे, तर तुकड्यातुकड्यांची. लाल ठिपका, लगेच काळा खंड, मग हिरवा, दोन निळे लागोपाठ, एक झगझगीत पांढरा, पुन्हा लाल. एरवी हे सगळं एकाच जागी इतक्या वेगाने घडतं की डोळ्याला त्याचा हिशेब लागत नाही. टिचकीने ते एकामागे एक मांडलं जातं. मोबाईलचा कॅमेरा सेकंदभर उघडा ठेवून हलवला तरी हे जमतं, पण टिचकीची गंमत वेगळी, कारण ते चित्र कुठेही साठत नाही आणि पुढच्या टिचकीला नवीन येतं. मी शेजारच्या मुलांना हे दाखवते तेव्हा ती बायनॉक्युलर परत देतच नाहीत. एकाने विचारलं होतं, “यात फिल्टर आहे का?”

फिल्टर असतो, फक्त तो बायनॉक्युलरमध्ये नसतो.

दहावीच्या विज्ञानात अपवर्तनाचा धडा आहे, त्यात ताऱ्यांचं लुकलुकणं येतं. हवेचे थर कमी-जास्त तापलेले असतात, गरम हवा विरळ, थंड हवा दाट, त्यांच्यातून जाताना प्रकाशकिरण वाकतो, हवा सतत हलत असल्यामुळे त्याचं वाकणंही सतत बदलतं, म्हणून तारा कधी जास्त तेजस्वी तर कधी कमी दिसतो. सगळं बरोबर. पण रंगांचं काय, हे त्या उत्तरात येत नाही. त्याच धड्याच्या शेजारी लोलकातून फुटणाऱ्या रंगांचा, म्हणजे अपस्करणाचा भाग असतो. ती दोन पानं एकमेकांना जोडली की व्याधाचं गुपित तिथेच उलगडतं. वर्गात ती जोडली जात नाहीत याची मला हळहळ वाटते.

तारा क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेतून तिरपा येतो. डोक्यावरच्या ताऱ्याच्या प्रकाशाला जेवढी हवा ओलांडावी लागते, त्याच्या साडेपाच पट हवा दहा अंशांवरच्या ताऱ्याच्या प्रकाशाला ओलांडावी लागते. इतक्या हवेमुळे तारा असतो त्याहून थोडा वर उचललेला दिसतो. अगदी क्षितिजावर हे उचलणं अर्ध्या अंशाहून जास्त असतं, म्हणून तर सूर्य मावळून गेला तरी दोनेक मिनिटं आपल्याला दिसत राहतो. पण हवा सगळ्या रंगांना सारखं उचलत नाही. निळ्याला जरा जास्त, लालला जरा कमी. दहा अंशांवरच्या ताऱ्याच्या बाबतीत हा फरक सात-आठ विकला भरतो. पंचांगातला हिशेब इथेही तोच: एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. नुसत्या डोळ्याला एका कलेहून बारीक फरक कळत नाही, त्यामुळे आपल्याला तो ठिपकाच दिसतो. बऱ्यापैकी दुर्बिणीतून पाहिलं तर मात्र खालचा तारा म्हणजे एक इवलासा उभा पट्टा असतो, वरच्या टोकाला निळा-हिरवा, खालच्या टोकाला लाल. अख्खं आकाश हा एक लोलक आहे, आणि तो रोज रात्री प्रत्येक मावळत्या-उगवत्या ताऱ्यावर धरलेला आहे.

आता या दोन गोष्टी एकत्र करायच्या. लाल आणि निळा दोन्ही किरण शेवटी माझ्या डोळ्याच्या एकाच बाहुलीत शिरतात, पण ते वेगवेगळ्या कोनांतून आलेले असतात. म्हणजे वर आठ-दहा किलोमीटर उंचीवर ते एकमेकांपासून लांब असणार. तारा खाली असेल तर हे अंतर हातभर किंवा त्याहूनही जास्त होतं. तिथल्या हवेतले गरम-थंड पुंजके, ज्यांच्यामुळे तारा लुकलुकतो, ते असतात काही सेंटीमीटरांचे. म्हणजे निळा किरण एका पुंजक्यातून येतो तेव्हा लाल किरण भलत्याच पुंजक्यातून येत असतो. एकाच क्षणी निळ्याच्या वाट्याला प्रकाश गोळा करणारी हवा येते आणि लालच्या वाट्याला प्रकाश पसरवून टाकणारी. तारा निळा भडकतो. पुढच्या क्षणी उलट. प्रत्येक रंग स्वतंत्रपणे लुकलुकत असतो आणि आपण त्या सगळ्यांची बेरीज पाहत असतो, जी कधीच पांढऱ्यावर स्थिर होत नाही. तारा वर चढला की किरणांमधलं अंतर मिटत जातं, सगळे रंग एकाच पुंजक्यातून येतात, एकदमच उजळतात आणि एकदमच मंदावतात. मध्यरात्रीचा व्याध लुकलुकतो, पण पांढरा लुकलुकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीच्या लोरेन्झो रेस्पिगी यांनी लुकलुकत्या ताऱ्यांचा वर्णपट न्याहाळला, तेव्हा त्यांना त्या रंगीत पट्टीवरून काळे पट्टे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाताना दिसले. आत्ता लाल गेला, आता पिवळा, आता हिरवा. हवा एकेका रंगाला पाळीपाळीने झाकत चालली होती.

म्हणूनच या सगळ्याला कुणी ‘भास’ म्हटलं की मला राहवत नाही. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: तारा काही खरा रंग बदलत नाही, तो नुसता भास आहे. तारा रंग बदलत नाही हे खरं. पण मी जो लाल ठिपका पाहिला तो माझ्या डोळ्याने किंवा मेंदूने रचलेला नाही. तो लाल प्रकाश व्याधावरूनच निघाला होता, ८.६ वर्षांपूर्वी. त्याच्याबरोबर निघालेला हिरवा आणि निळा त्या क्षणी माझ्या शेजारी दोन पावलांवर कुठेतरी जमिनीवर पडला. पांढऱ्यात हे सगळे होतेच. हवेने ते एकत्र न देता वेगवेगळे दिले एवढंच. हवेने रंग घातला नाही, वाटला. व्याध निळसर पांढरा असल्यामुळे त्याच्यापाशी वाटायला सगळेच रंग भरपूर आहेत. काक्षी किंवा रोहिणीसारख्या तांबूस ताऱ्यांच्या प्रकाशात निळा मुळातच कमी, त्यामुळे त्यांच्या लुकलुकण्यात निळी चमक क्वचित. आणि मंद ताऱ्यांचे रंगही असेच फुटत असतात, फक्त इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. व्याधासारख्या दोन-चार ताऱ्यांवर हा खेळ दिसतो तो त्यांच्या तेजामुळे. खेळ सगळ्यांवरच चाललेला असतो.

दोन पावलांवर जमिनीवर पडला, असं मी वर म्हटलं ते तंतोतंत खरं आहे. भर दुपारी पाण्याच्या उथळ हौदात पाहिलं तर तळाशी उन्हाची एक जाळी हलत असते, कुठे प्रकाशाच्या दाट रेघा, कुठे मधले अंधारे डाग. ताऱ्याचा प्रकाश हवेच्या तळाशी असाच पोहोचतो. व्याधाच्या उजेडाची एक जाळी माझ्या गच्चीवरून, शेजारच्या पत्र्यांवरून, रस्त्यावरून सरकत असते. तिच्या रेघा काही सेंटीमीटर रुंद आणि माझ्या डोळ्याची बाहुली अंधारात सहा-सात मिलिमीटरची. एखादी उजळ रेघ बाहुलीवरून गेली की तारा भडकतो, अंधारा डाग गेला की विझतो. वरची हवा सेकंदाला २० मीटर वेगाने वाहत असेल तर दहा सेंटीमीटरचा पट्टा सेकंदाच्या दोनशेव्या भागात पुढे निघून जातो. ही जाळी जमिनीवर दिसण्याइतका व्याधाचा उजेड नाही. पण सूर्य खग्रास होण्याआधी काही क्षण त्याची अगदी बारीक कोर उरते, तेव्हा तीच जाळी फिकट सावल्यांच्या रूपाने पांढऱ्या चादरीवरून झरझर सरकताना दिसते. ग्रहण पाहायला जाणारे लोक यासाठी मुद्दाम चादर अंथरतात. २४ ऑक्टोबर १९९५ ला राजस्थानात नीम का थाना इथे खग्रास सूर्यग्रहण होतं आणि खग्रास स्थिती मिनिटभरही टिकली नाही. एवढ्या थोड्या वेळात सूर्याकडे बघायचं की जमिनीवरच्या चादरीकडे, हा प्रश्न मला फार अवघड वाटतो.

माझ्या मामांचं शेत मंगळवेढ्याकडे. तो सगळा भाग ज्वारीचा, काळ्या रानाचा, नजर जाईल तिथवर सपाट. क्षितिज कुठल्याही डोंगराने अडवलेलं नाही. नाताळच्या सुट्टीत मी तिथे असायची. विहिरीवर गव्हाचा एक तुकडा होता आणि शेतीची लाईट कधी रात्रीची यायची. मग मामा खांद्यावर खोरं टाकून दारं धरायला निघायचे, मी बॅटरी धरायला मागोमाग. एक सारा भरला की दारं मोडायचं, पुढच्या साऱ्याला पाणी लावायचं. पाणी सारा भरेपर्यंत काही काम नसे. त्या वेळात मामा बांधावर बसत आणि मला आकाश दाखवत. सप्तर्षी त्यांच्या लेखी म्हातारीची बाज होती आणि तिच्यामागून निघालेले तीन चोर. मृगाचा बाण त्यांनीच दाखवला. एका रात्री थंडी होती, पण वाऱ्याचं नाव नव्हतं. ज्वारीचं पान हलत नव्हतं, दूरच्या वस्तीवरच्या चुलीचा धूर सरळ वर चालला होता. आणि पूर्वेला व्याध नुसता तडतडत होता.

“मामा, ती चांदणी अशी का करतीय?”

मामांनी मान वर केली, थोडा वेळ पाहिलं. “वरती वारं हाय, पोरी.”

“इथं तर काहीच नाही.”

“हितं नसंल. वरती हाय.”

आणि ते पुढचा सारा बघायला उठले.

दुसऱ्या दिवशी खाली वारं सुटलं की नाही ते मला आठवत नाही, आणि त्याला महत्त्वही नाही. ताऱ्यांच्या लुकलुकण्यावरून उद्याचं हवामान सांगता येतंच असं नाही. पण आपल्या अंगाला न लागणारा, पानालाही न हलवणारा वारा वर वाहतोय हे ताऱ्याकडे बघून कळतं, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. डोळ्यांना जे दिसतं त्याचं कारण ताऱ्यात न शोधता मधल्या हवेत शोधणं ही साधी गोष्ट नव्हे. अॅरिस्टॉटललाही ती सुचली नव्हती. ग्रह स्थिर दिसतात आणि तारे लुकलुकतात हे त्याने बरोबर टिपलं होतं, पण तारे फार दूर असल्यामुळे तिथपर्यंत पोहोचताना आपली दृष्टीच दुबळी होऊन थरथरते, असं त्याने कारण दिलं. कारण चुकलं, पण त्यातला ‘फार दूर’ हा भाग किती महत्त्वाचा ठरणार होता, ते पुढे येईलच. न्यूटन १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये थेट मामांच्या बाजूने बोलतो: ज्या हवेतून आपण ताऱ्यांकडे पाहतो ती सतत थरथरत असते, उंच मनोऱ्यांच्या सावल्या कापताना दिसतात ते याचमुळे आणि ताऱ्यांचं लुकलुकणंही याचमुळे. दुर्बिणी कितीही सुधारल्या तरी ही अडचण राहणार, आणि तिच्यावर इलाज एकच, जिथे हवा शांत आहे तिथे जायचं, उंच पर्वतांच्या माथ्यावर. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर भारताची हिमालयन चंद्रा दुर्बीण २००० साली उभी राहिली, ती या सल्ल्याबरहुकूमच. ती चालवणारे खगोलशास्त्रज्ञ बसतात बंगळूरजवळच्या होसकोटेला आणि उपग्रहामार्फत तिला हुकूम देतात.

न्यूटनच्या किती तरी आधी, दुसऱ्या शतकात, टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’मध्ये व्याधाची नोंद तांबूस तारा म्हणून केली आहे. आज तो तांबूस नाही आणि एवढ्या थोड्या काळात तारा असा बदलत नाही, म्हणून हे कोडं गेली अनेक वर्षं चर्चेत आहे. त्या काळी व्याधाचं उगवणं वर्षगणनेसाठी फार काळजीपूर्वक पाहत, म्हणजे लोकांची नजर त्याच्यावर तो क्षितिजालगत असताना पडे आणि तिथे हवा निळा प्रकाश विखरून लाल तेवढा पुढे पाठवते, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटण्याजोगं वाटतं.

आता ‘फार दूर’विषयी. शाळेत एक वाक्य पाठ करून घेतात: तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत. या वाक्यात केवढं मोठं ज्ञान आहे हे सांगायचं मात्र राहून जातं. व्याध हा सूर्याहून मोठा आहे, पण आपल्याला दिसणारी त्याची रुंदी सुमारे ०.००६ विकला भरते. मुंबईत उभं राहून नागपुरात धरलेली दोन सेंटीमीटरची वस्तू बघावी, एवढी. गुरू व्याधापुढे अगदी लहान, तरी जवळ असल्यामुळे त्याची तबकडी ४० विकलांच्या आसपास. त्याच मापाने नागपुरात सव्वाशे मीटरहून मोठी वस्तू. गुरूच्या तबकडीवरचा प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे लुकलुकतच असतो, पण एकाचं भडकणं दुसऱ्याच्या विझण्यात जिरून जातं आणि डोळ्यापर्यंत शांत प्रकाश येतो. व्याधाजवळ जिरवायला दुसरा ठिपकाच नाही. क्षितिजाजवळचा शुक्र कधीकधी लुकलुकतो, बुध तर हमखास, म्हणून ते पाठांतरातलं वाक्य अगदी काटेकोर नाही. पण पश्चिमेला शांत जळणारा गुरू आणि पूर्वेला तडफडणारा व्याध एकाच संध्याकाळी पाहणाऱ्या मुलाने, कुठलंही उपकरण न वापरता, ताऱ्यांचं प्रचंड दूर असणं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ज्याला आपण अडथळा म्हणतो तोच साक्ष देत असतो. मला या विषयात सर्वांत जास्त धरून ठेवणारी गोष्ट हीच.

आणि ही साक्ष एकदा फार मोठ्या कामी आली. केंब्रिजमध्ये अँटनी ह्युइश यांच्या लक्षात आलं होतं की आकाशातले रेडिओलहरींचे उगमही लुकलुकतात, फक्त तिथे थरथर असते ती सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या वाऱ्याची. नियम तोच. जो उगम फार बारीक दिसतो तो लुकलुकतो, जो पसरट असतो तो शांत. म्हणजे लुकलुकणं हीच बारीक उगम ओळखायची खूण. त्यासाठी त्यांनी साडेचार एकरांवर तारांची एक दुर्बीण उभारली. १९६७ साली तिच्या कागदी आलेखांची मैलोगणती भेंडोळी तपासताना जोसलिन बेल या विद्यार्थिनीला एक खूण दिसली, जी लुकलुकण्यासारखी होती पण लुकलुकणं नव्हती. दर १.३३७ सेकंदाला एक ठोका. तो पहिला पल्सार, असे नियमित ठोके देणारा तारा. १९७४ च्या नोबेलमध्ये ह्युइश यांचं नाव होतं, बेल यांचं नव्हतं, आणि हे वाचताना मला आजही त्रास होतो. उटीच्या डोंगरउतारावर गोविंद स्वरूप यांनी १९७० साली उभारलेली ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण अशाच लुकलुकण्यावरून सूर्याच्या वाऱ्याचा वेग मोजत आली. पुढे त्यांनीच आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना त्या पांढऱ्या जाळ्या दिसतात. त्यांचा पल्सारांचा अभ्यास आज जगात मानला जातो, आणि त्या अभ्यासाची सुरुवात झाली ती लुकलुकण्याच्या मागावर असताना.

व्याधाची ती ०.००६ विकलांची रुंदी मोजण्याची गोष्टही अशीच. ती मोजणारे रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन जन्मले निलगिरीतल्या अरुवंकाडू इथे, १९१६ साली. १९५५-५६ च्या हिवाळ्यात त्यांनी आणि रिचर्ड ट्विस यांनी इंग्लंडमधल्या जोड्रेल बँकला लष्कराच्या सर्चलाईटचे दोन आरसे वापरून व्याधाच्या प्रकाशातले अतिसूक्ष्म चढउतार एकमेकांशी ताडून पाहिले. त्या जागेवरून व्याध वीस अंशांच्या वर कधी चढत नाही, म्हणजे तो त्यांना आपल्या उगवत्या व्याधासारखाच तडतडताना दिसत असणार. त्यांची युक्ती अशी होती की हवेच्या थरथरीचा तिच्यावर परिणामच होत नव्हता. भौतिकशास्त्रातल्या जाणत्यांनी आधी हे शक्यच नाही म्हणून वाद घातला. मोजमाप मात्र टिकलं.

दुर्बिणीवाल्यांचं या हवेशी भांडण जुनं आहे. दुरुस्तीची सोय नसेल तर दहा मीटर आरशाच्या दुर्बिणीलाही पंधरा-वीस सेंटीमीटरच्या दुर्बिणीहून फारसा बारीक तपशील दिसत नाही. बाकीचा सगळा आरसा उजेड गोळा करण्यापुरता. होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली सुचवलं की आरशाचाच आकार हवेच्या थरथरीप्रमाणे क्षणोक्षणी बदलत ठेवावा. ते प्रत्यक्षात यायला काही दशकं लागली. आज सेकंदाला शेकडो वेळा असे लवचीक आरसे वाकवले जातात. त्यासाठी शेजारी तेजस्वी तारा नसेल तर लेसरने नव्वद किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात एक कृत्रिम पिवळा तारा पेटवला जातो. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने अमेरिकेतल्या कॅल्टेकबरोबर बनवलेली रोबो-एओ ही यंत्रणा पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर बसली. तिने हे काम माणसाशिवाय, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर झपाट्याने जात करून दाखवलं. आयुकाची स्वतःची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून घोडेगावच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर आहे.

आणि नवी दुर्बीण कुठे बांधायची हे ठरवतात कसं? त्या माथ्यावर आधी काही वर्षं एक छोटं उपकरण ठेवतात. ते एका तेजस्वी ताऱ्याचं लुकलुकणं एकात एक बसवलेल्या लहान-मोठ्या छिद्रांतून मोजतं आणि कोणत्या उंचीवरची हवा किती खळबळलेली आहे ते सांगतं. थर्टी मीटर टेलिस्कोपसाठी जागा शोधताना हीच पद्धत वापरली. खाली पान हलत नसताना वरती वारं आहे का, एवढंच ते उपकरण रात्रभर विचारत असतं.

यातलं बरंचसं स्वतः पाहायला अंधारं आकाश लागत नाही, हे मुंबई-पुण्याच्या लोकांना सांगायला हवं. व्याध दादरच्या गच्चीवरूनही दिसतो. पण नुसता व्याध पाहण्यापेक्षा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री पावणेदहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं. तेव्हा व्याध वर, ५५ अंशांच्या आसपास असतो आणि त्याच्या जवळजवळ सरळ खाली, दक्षिण क्षितिजापासून १८-१९ अंशांवर, अगस्त्य. रात्रीच्या आकाशातले पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे तेजस्वी तारे, दोघेही पांढऱ्या वर्णाचे, एका उभ्या रेषेत. वरचा पांढरा राहतो आणि खालचा रंग उधळतो. खालच्याचा प्रकाश वरच्याच्या अडीच पट हवेतून येतो, बाकी काही नाही. अगस्त्य महाराष्ट्रातून याहून फारसा वर कधी चढतच नाही, त्यामुळे आपल्याकडच्या कुणीही तो शांत पाहिलेला नाही. दिल्लीहून तर तो जेमतेम नऊ अंश वर येतो. कन्याकुमारीला मात्र २९ अंशांवर पोहोचतो, तिथे त्याचे रंग बरेच ओसरत असणार. ते मला एकदा तिथे जाऊन पाहायचं आहे.